न उडता मिळालेले मैल

विमान कंपन्यांच्या व्यवहारात ‘माइल’ हा शब्द आता अंतराचे माप म्हणून फारसा उरलेला नाही. तो एका खासगी चलनाचे नाव झाला आहे, आणि या चलनाचे वैशिष्ट्य असे की ते काढणारी, त्याचा भाव ठरवणारी आणि ते परत स्वीकारणारी संस्था बहुधा एकच असते. अमेरिकेत 1978 साली विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठले, कंपन्यांमध्ये भाड्यांची चढाओढ लागली, आणि नेहमीचा प्रवासी हातचा जाऊ नये म्हणून अमेरिकन एअरलाइन्सने 1 मे 1981 रोजी ‘अ‍ॅडव्हांटेज’ ही योजना सुरू केली. जितके मैल उड्डाण तितके माइल्स खात्यात, असा तेव्हाचा ढोबळ हिशेब होता. 1987 साली त्याच कंपनीने सिटीबँकेबरोबर क्रेडिट कार्ड काढले, किराणा आणि पेट्रोल यांवरही माइल्स मिळू लागले, आणि माइल्सचा उड्डाणाशी असलेला मूळ संबंध सुटला. कॅलिफोर्नियातील एका अभियंत्याने 1999 साली एका खाद्यपदार्थ कंपनीच्या जाहिरात-योजनेतून पुडिंगचे 12,150 कप सुमारे तीन हजार डॉलरना घेऊन बारा लाखांहून अधिक माइल्स मिळवले. तेही एका अर्थाने माइल्स विकत घेणेच होते, आणि त्या हिशेबाने त्याला एक माइल सुमारे पाव सेंटला पडला. आज मात्र असा वळसा घ्यावा लागत नाही, कारण बहुतेक मोठ्या योजना आपले माइल्स रोख पैशांनी उघडपणे विकतात, वर्षातून अनेकदा त्यांवर बोनस देतात, आणि असे माइल्स घेऊन त्यांतून बिझनेस क्लासचे ‘अवॉर्ड तिकीट’, म्हणजे भाडे माइल्सनी आणि कर तेवढे रोखीने भरलेले तिकीट, काढण्याची रीत हिशेबी प्रवाशांमध्ये चांगलीच रुळली आहे.

या रीतीविषयी दोन मते आहेत आणि ती सहजासहजी जुळणारी नाहीत. येथे ती दोन व्यक्तींच्या तोंडी घातली आहेत. एक आहेत मामा, ज्यांची हयात एका बँकेत कर्जखाती तपासण्यात गेली. दुसरी त्यांची भाची, जी न्यू जर्सीत राहते आणि घरातल्या सगळ्यांच्या प्रवासाची आखणी जिच्याकडे आपोआप आली आहे. वाद आहे तो भाचीच्या आईच्या, म्हणजे मामांच्या थोरल्या बहिणीच्या, मुंबई ते न्यूयॉर्क प्रवासाचा. ताईंनी सत्तरी ओलांडली आहे, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, आणि सुमारे साडेबारा हजार किलोमीटरच्या या अंतराला थेट विमानही साडेपंधरा-सोळा तास घेते. उदाहरण कल्पित आहे, परंतु मुलांकडे अमेरिकेला निघालेली अशी एक ताई पुण्यात, ठाण्यात, सांगलीत कितीतरी घरांत आहे, आणि म्हणूनच हा विषय केवळ चैनीचा म्हणून बाजूला सारता येत नाही.

मामांचा पहिला प्रश्न तपासनिसाला शोभेल असाच होता. “जी वस्तू दुकानदार गल्ल्यावर अडीच लाखांना विकतो, तीच तो मागच्या दाराने सव्वा लाखाला का देईल? आणि देत असेल, तर बुडीत कोणाच्या पदरात पडते हे कळल्याशिवाय ताईच्या तिकिटाला हात लावू नये.”

भाचीने याचे जे उत्तर दिले ते थोडे विस्ताराने मांडण्यासारखे आहे, कारण या व्यवहाराचे मर्म त्यात आहे. विमानातील सीट भाजीपेक्षाही नाशवंत असते. मंडईत उरलेली मेथी संध्याकाळी निम्म्या भावाने तरी जाते, परंतु विमानाचे दार लागले की रिकाम्या सीटचे काहीच येत नाही. म्हणून प्रत्येक कंपनीचा एक विभाग मागच्या वर्षांच्या विक्रीवरून सतत अंदाज बांधत असतो की अमुक तारखेच्या विमानात बिझनेस क्लासच्या किती सीट पूर्ण भाड्याने जातील, आणि ज्या जाणार नाहीत असे त्याला वाटते तेवढ्याच तो अवॉर्ड तिकिटांच्या वेगळ्या कप्प्यात टाकतो. हा कप्पा केवळ स्वतःच्या सदस्यांसाठी नसतो. 1997 साली स्थापन झालेल्या स्टार अलायन्ससारख्या संघांत, ज्यात एअर इंडिया 2014 साली सामील झाली, एका कंपनीच्या योजनेचे माइल्स देऊन दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसता येते. अशा वेळी माइल्स घेणारी योजना, समजा कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीची ‘लाइफमाइल्स’ किंवा एअर कॅनडाची ‘एरोप्लॅन’, प्रत्यक्ष उड्डाण करणाऱ्या कंपनीला त्या सीटपोटी आपसातल्या करारात ठरलेला दर देते, आणि तो दर गल्ल्यावरच्या भाड्याहून पुष्कळ कमी असतो. योजनेने त्या दराहून थोड्या चढ्या भावाने माइल्स विकले, तरी तिला नफा होतो. उड्डाण करणाऱ्या कंपनीला रिकाम्या जाणाऱ्या सीटचे काही पैसे मिळतात. आणि प्रवाशाला गल्ल्यावरच्या भावाहून स्वस्त तिकीट पडते. “मागचे दार नाही मामा, घाऊक बाजार आहे,” असे तिने थोडक्यात सांगितले.

मामांना हे पटले, परंतु त्यांनी त्यातून काढलेले अनुमान भाचीच्या अपेक्षेपेक्षा वेगळे होते. घाऊक बाजारात माल स्वस्त मिळतो तो ग्राहक काहीतरी सोसायला तयार असतो म्हणून, आणि येथे प्रवासी सोसतो ती अनिश्चितता: कोणती तारीख मिळेल, किती सीट मिळतील, थेट विमान मिळेल की फ्रँकफर्टला उतरून दुसरे पकडावे लागेल, हे कंपनीचा तो विभाग ठरवतो, प्रवासी नव्हे. मराठी कुटुंबे परदेशी निघतात ती मे महिन्यात, दिवाळीत किंवा डिसेंबरात लग्नकार्याच्या दिवसांत, आणि नेमक्या त्याच दिवसांत सीट पूर्ण भाड्याने जाण्याची कंपनीला खात्री असल्यामुळे तो कप्पा रिकामा असतो. भाचीने हे मान्य केले. नोकरीतल्या जोडप्याला शाळेच्या सुट्टीत शेजारी-शेजारी दोन सीट हव्या असतील, तर हा मार्ग धरूच नये असे तिचेही मत आहे. परंतु एकटी ताई, जिला सप्टेंबरातला कोणताही मंगळवार चालतो, तिच्यासाठी अनिश्चितता ही किंमत जवळजवळ फुकट भरण्यासारखी आहे. या मुद्द्यावर दोघांचे एकमत झाले असे म्हणता येईल, आणि ते महत्त्वाचेही आहे, कारण माइल्सविषयीची बहुतेक निराशा चुकीच्या भावापेक्षा चुकीच्या तारखांमधून येते.

खरा खडाजंगीचा भाग हिशेबाचा होता. त्यासाठी धरलेले आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्यक्ष भाव रोज बदलतात. एकेरी बिझनेस क्लाससाठी 90,000 माइल्स लागतात असे धरले. अनेक अमेरिकी योजनांचा मूळ विक्रीदर माइलमागे तीन ते साडेतीन सेंट असतो, परंतु बोनसच्या काळात काही योजनांत तो दीड सेंटच्या आसपास येतो, म्हणून दीड सेंट धरला. तेव्हा माइल्सचे झाले 1,350 डॉलर, आणि डॉलर 88 रुपये धरल्यास 1,18,800 रुपये. भारतीय क्रेडिट कार्डावर परकीय चलनाच्या खर्चाला बँक साधारण साडेतीन टक्के शुल्क लावते, त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी असतो, म्हणजे आणखी सुमारे 4,900 रुपये. शिवाय विमानतळाचे आणि सरकारचे कर रोखीने 10,000 धरले, तर सगळे मिळून तिकीट सुमारे 1,33,700 रुपयांना पडते. गल्ल्यावर तेच तिकीट 2,60,000 रुपयांना असेल, तर कर वजा जाता प्रत्येक माइलने पावणेतीन रुपयांचे काम केले आणि तो पडला 1 रुपया 37 पैशांना. भाचीच्या मते याहून स्वच्छ हिशेब असू शकत नाही.

“हिशेब स्वच्छ आहे, पण ताळेबंद चुकीच्या कागदाशी जुळवला आहेस,” मामा म्हणाले. त्यांचा आक्षेप असा की बचत मोजताना जो खर्च खरोखर होणार होता त्याच्याशीच तुलना करावी लागते, आणि ताईंनी अडीच लाखांचे तिकीट कोणत्याही परिस्थितीत काढले नसते. त्यांनी साठ हजारांचे इकॉनॉमीचे तिकीट काढले असते, पायांत घट्ट मोजे घातले असते, दर दोन तासांनी उठून मार्गिकेत चार फेऱ्या मारल्या असत्या आणि सोळा तास काढले असते. म्हणून या व्यवहाराला सव्वा लाखाची बचत म्हणणे ही भाषेची चूक आहे. हा 73,700 रुपयांचा जादा खर्च आहे. साडेपंधरा तासांनी त्याला भागले, तर आडवे होता येण्याचा दर ताशी सुमारे 4,750 रुपये येतो, आणि हा एवढाच आकडा ताईंच्या समोर ठेवायला हवा, कारण निर्णय त्याच्यावर होणार आहे. त्यांनी आणखी एक बारीक गोष्ट दाखवली जी माइल्सच्या उत्साही पुरस्कर्त्यांच्या नजरेतून हमखास सुटते: इकॉनॉमीचे साठ हजार हे जाऊन-येऊन तिकिटाचे निम्मे असतात; जाण्याचा प्रवास माइल्सनी केला की येण्याचे एकेरी तिकीट वेगळे घ्यावे लागते, ते पुष्कळदा निम्म्याहून महाग पडते, आणि तो फरकही माइल्सच्याच खात्यावर खर्ची पडायला हवा.

या ठिकाणी मामांचे पारडे जड आहे यात शंका नाही. कंपनीचे छापील बिझनेस भाडे हे मोठ्या उद्योगांच्या खर्चातून भरले जाणारे भाडे असते. घरच्या पैशाने प्रवास करणाऱ्याने त्याच्याशी तुलना करून स्वतःची पाठ थोपटून घेणे म्हणजे दुसऱ्याच्या खिशाला आपले माप मानणे होय. परंतु भाचीने दिलेले उत्तरही तितकेच खरे आहे. जादा खर्च म्हणून पाहिले तरी तो खर्च कशावर होतो हे पाहावे लागते: ज्या गुडघ्यात धातूचा सांधा बसवला आहे तो इकॉनॉमीच्या सीटमध्ये सोळा तास दुमडून ठेवणे आणि बिझनेसच्या सीटचे बटण दाबून ती पूर्ण सपाट करून पाय लांब करणे, या दोहोंतला फरक आकड्यांत न बसणारा असला तरी काल्पनिक नाही. ताशी 4,750 रुपये चैनीला महाग आहेत. प्रवासानंतर आठवडाभर सुजलेला पाय घेऊन नातवंडांच्या घरी बसून राहण्याच्या तुलनेत ते महाग आहेत की नाहीत, हे ताईंनी ठरवायचे. मामांनी मान हलवली ती संमतीची होती, मात्र त्यांनी एक दुरुस्ती सुचवली, की मग या निर्णयाला ‘सौदा’ म्हणू नये, ‘खर्च’ म्हणावे, कारण शब्द चुकला की माणूस पुढच्या वर्षीसाठीही माइल्स घेऊन ठेवतो.

आणि याच वाक्यातून चर्चा तिच्या सर्वांत गंभीर भागाकडे वळली. भाचीच्या ओळखीत अशी माणसे आहेत जी बोनस लागला की पाच-पाच लाख माइल्स उचलून ठेवतात, सोन्याचा भाव पडल्यावर वळी घेऊन ठेवावीत तसे. बँकेत उमेदवारी करून अधिकारी झालेल्या मामांना हे ऐकवत नव्हते. ठेवीदार हा बँकेचा धनको असतो. बँक बुडाली तरी ठेव विमा महामंडळाकडून पाच लाखांपर्यंतची रक्कम मिळण्याची तरतूद 2020 सालापासून आहे, त्याआधी ती एक लाख होती. आणि रुपयाच्या वर रिझर्व्ह बँक बसलेली आहे. माइल्स बाळगणारा कोणाचाच धनको नसतो. योजनांच्या अटींत स्पष्ट लिहिलेले असते की माइल्स ही सदस्याची मालमत्ता नाही, ते परत करून पैसे मिळणार नाहीत, आणि एका सीटला किती माइल्स लागतील हे कंपनी केव्हाही बदलू शकते. “जो नोटा छापतो, तोच दुकान चालवतो आणि तोच पाटीवर भाव लिहितो. अशा ठिकाणी नोटा साठवायच्या?” हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याला पुरेसे उत्तर माइल्सच्या पुरस्कर्त्यांकडे आजवर नाही.

इतिहास मामांच्या बाजूने साक्ष देतो. डेल्टाने 2015 च्या फेब्रुवारीत आणि युनायटेडने 2019 च्या नोव्हेंबरात अवॉर्ड तिकिटांचे छापील दरपत्रकच काढून टाकले, त्यामुळे एका सीटला किती माइल्स लागतील याचे कोणतेही स्थिर वचन उरले नाही. अलास्का एअरलाइन्सच्या योजनेत एमिरेट्सच्या फर्स्ट क्लासला लागणारे माइल्स 2016 च्या मार्चअखेर आगाऊ सूचना न देता एकदम वाढवण्यात आले, काही मार्गांवर जवळजवळ दुपटीने. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर हे प्रश्न दोनदा गेले. 1995 सालच्या वोलेन्स खटल्यात, मिळवलेल्या माइल्सची किंमत मागाहून बदलल्याची सदस्यांची तक्रार होती. न्यायालयाने कराराचा भंग झाल्याचा दावा करता येईल असे सांगितले, परंतु राज्याच्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार घेता येणार नाही असेही ठरवले, कारण 1978 चा भाड्यांवरचे नियंत्रण उठवणारा कायदा राज्यांना विमानभाड्यांत हात घालू देत नाही. 2014 सालच्या गिन्सबर्ग खटल्यात एका सदस्याचे खाते कंपनीने बंद केले होते, आणि कंपनीने सद्‌भावनेने वागण्याचे गृहीत बंधन मोडले हा त्याचा दावाही त्याच कायद्यापुढे टिकला नाही. म्हणजे सदस्याचा आधार एवढाच, की करारात शब्दशः जे लिहिले असेल ते. आणि करारात तर ‘केव्हाही बदलू’ हेच लिहिलेले आहे.

भारतीय वाचकाला यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. मुंबईत मुख्यालय असलेल्या जेट एअरवेजची विमाने 17 एप्रिल 2019 रोजी थांबली. तिची ‘जेटप्रिव्हिलेज’ ही योजना स्वतंत्र कंपनीत होती आणि त्या कंपनीत एतिहाद या विमान कंपनीचा हिस्सा मोठा होता, म्हणून खात्यांतले माइल्स पुसले गेले नाहीत, योजना ‘इंटरमाइल्स’ या नावाने पुढे चालू राहिली. परंतु ज्या विमानात बसण्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे ते जमवले होते ते विमानच उडत नव्हते. खात्यातला आकडा तोच आणि त्याने मिळणारी वस्तू निराळी, ही अवस्था समजावून सांगायला बँकेच्या माणसालाही दुसरे उदाहरण सापडणार नाही. उलट 2024 च्या नोव्हेंबरात विस्तारा एअर इंडियात विलीन झाली तेव्हा सदस्यांचे पॉइंट एअर इंडियाच्या ‘महाराजा क्लब’ या योजनेत नेण्यात आले, हे भाचीने आवर्जून सांगितले, आणि मामांनी ते चांगलेच झाले असे म्हणून पुढे एवढेच विचारले, की तसे करायचे की नाही हे ठरवताना सदस्यांचे मत कोणत्या बैठकीत घेतले होते.

आता भाचीच्या भूमिकेचा जो गाभा आहे तो येथे येतो, आणि या लेखाच्या मते संपूर्ण वादाचा निकाल त्यावरच लागतो. तिचे म्हणणे असे की मामांचे सगळे आक्षेप माइल्स बाळगण्याला लागू आहेत, माइल्स विकत घेण्याला नव्हेत. माइल्स विकत घेऊन तिकीट काढणे म्हणजे एकच तिकीट दोन टप्प्यांत घेणे होय. धोका आहे तो दोन टप्प्यांच्या मधल्या काळात, आणि तो काळ वर्षाचा न ठेवता तासाभराचा ठेवता येतो. त्यासाठी क्रम उलटा करावा लागतो: आधी माइल्स आणि मग सीट असे न करता, आधी हव्या त्या तारखेची सीट त्या योजनेच्या संकेतस्थळावर डोळ्यांनी पाहायची, त्यावर कर किती लागतो ते शेवटच्या पानापर्यंत जाऊन तपासायचे, आणि मगच लागतील तेवढे माइल्स घ्यायचे. कर तपासण्याला फार महत्त्व आहे, कारण काही योजना भागीदार कंपनीचा इंधन अधिभार, म्हणजे भाड्याव्यतिरिक्त कंपनीने लावलेली रक्कम, प्रवाशाकडून वसूल करतात आणि काही करत नाहीत. शिवाय लंडनहून परत निघणाऱ्याला ब्रिटनचा प्रवासी कर माइल्सच्या तिकिटावरही भरावा लागतो, आणि 2025 च्या एप्रिलपासून मुंबईच्या अंतराला इकॉनॉमीबाहेरच्या वर्गासाठी तो 216 पौंड होता.

“आणि माइल्स घेईपर्यंत ती सीट दुसऱ्याने उचलली तर?” या मामांच्या प्रश्नाला तिने लपवाछपवी न करता उत्तर दिले. हा धोका खरा आहे. अनेक योजनांसाठी माइल्सची प्रत्यक्ष विक्री टोरोंटोची ‘पॉइंट्स’ ही कंपनी करते, खात्यात माइल्स बहुधा काही मिनिटांत येतात, परंतु कधीकधी छाननीसाठी एक-दोन दिवस अडकतात. आणि पडद्यावर दिसणारी सीट मुळात अस्तित्वातच नसणे, ज्याला या क्षेत्रातले लोक ‘फँटम’ सीट म्हणतात, असेही घडते, कारण एका कंपनीची यादी दुसरीपर्यंत पोहोचेतो शिळी झालेली असते. म्हणून तीच सीट त्याच संघातल्या दुसऱ्या योजनेच्या संकेतस्थळावर दिसते का हे पडताळून पाहावे. दोन ठिकाणी दिसली तर ती बहुधा खरी असते. ज्या योजना सीट काही काळ राखून ठेवू देतात किंवा कमी पडणारे माइल्स तिकीट काढतानाच विकत घेऊ देतात, त्या या दृष्टीने अधिक सुरक्षित. दलालाकडून दुसऱ्याच्या खात्यातले माइल्स घेण्याचा विषय तिने एका वाक्यात संपवला: तो अटींचा भंग आहे, विमानतळावर तिकीट रद्द झालेले कळू शकते, आणि सत्तरीच्या बाईला त्या प्रसंगात टाकण्याइतकी कोणतीही सवलत मोठी नाही.

प्रत्यक्ष तिकीट हातात आले की नाही हे कसे ओळखावे, यावर भाचीने जे दाखवले ते मामांना विशेष आवडले, कारण त्यात पावतीची शिस्त आहे. आरक्षण झाल्याबरोबर ईमेलमध्ये सहा अक्षरांचा एक संकेत येतो, ज्याला पीएनआर म्हणतात. सामान्य माणूस तो पाहून निश्चिंत होतो, परंतु तो केवळ नोंदीचा क्रमांक आहे, तिकिटाचा नव्हे. तिकीट म्हणजे तेरा आकडी क्रमांक, आणि त्यातले पहिले तीन आकडे तिकीट देणाऱ्या कंपनीचे असतात: 098 असेल तर एअर इंडियाने, 014 असेल तर एअर कॅनडाने, 134 असेल तर आव्हियांकाने ते दिलेले असते. हा तेरा आकडी क्रमांक येईपर्यंत काहीही झालेले नाही असे समजावे. आणि तो आल्यावरही हे ध्यानात ठेवावे की विमान एका कंपनीचे आणि तिकीट दुसऱ्या कंपनीचे आहे. विमान रद्द झाले, वेळ बदलली, तर बदल करून देण्याची जबाबदारी बहुधा तिकीट देणाऱ्याकडे ढकलली जाते, आणि रात्री दोन वाजता मुंबईच्या विमानतळावर उभ्या असलेल्या प्रवाशासाठी परदेशातल्या त्या कंपनीला फोन कोण लावणार, हे आधी ठरलेले असावे. तिकीट रद्द केले तरी परत मिळतात ते माइल्स. माइल्ससाठी मोजलेले डॉलर परत मिळत नाहीत.

नावाचा प्रश्न तर खास मराठी घरातला आहे. आपल्याकडील स्त्रियांच्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात पुष्कळदा स्वतःचे आणि पतीचे अशी दोन्ही नावे एकत्र असतात आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. मुलगी सवयीने आईचे घरातले नाव आणि आडनाव एवढेच भरते, विमान कंपनीच्या यादीत मात्र पासपोर्टशी अक्षरन्‌अक्षर जुळणारे नाव हवे असते, आणि भागीदार कंपनीच्या अवॉर्ड तिकिटात ते मागाहून दुरुस्त करणे अतिशय कष्टाचे असते, कधी तिकीट रद्द करून नव्याने काढावे लागते आणि तोवर सीट गेलेली असते. मामांनी तेथल्या तेथे ताईंचा पासपोर्ट मागवला, नाव एका कागदावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत उतरवले आणि तो कागद भाचीला फोनवर दाखवला.

पैसा शेवटी कोठे जातो, हा मामांचा उरलेला प्रश्न होता. योजना माइल्स विकते तेव्हा आलेली रक्कम तिचे उत्पन्न ठरत नाही. भारतात 2018 सालापासून लागू असलेल्या 115 क्रमांकाच्या लेखामानकानुसार आणि त्याच्या आंतरराष्ट्रीय जोडीदारानुसार ती ‘देणे’ म्हणून दाखवावी लागते, कारण सेवा अजून द्यायची असते. म्हणजे माइल्स साठवणारा माणूस कंपनीला बिनव्याजी पैसे वापरायला देत असतो, आणि जे माइल्स कधीच वापरले जाणार नाहीत असा कंपनीचा अंदाज असतो, त्यांची रक्कम हळूहळू उत्पन्नात वर्ग होते. 2020 साली विमाने जमिनीवर असताना युनायटेडने आपली माइल्सची योजना तारण ठेवून 6.8 अब्ज डॉलर आणि डेल्टाने 9 अब्ज डॉलर उभे केले. विमाने उडत नसतानाही धनकोंना या योजनांची पत दिसत होती. भाचीला यात योजना टिकाऊ असल्याची खूण दिसते. मामांना त्यात दिसते ते इतकेच, की तारणाचा पहिला हक्क धनकोंचा आहे आणि खातेदार त्या रांगेत कोठेच नाही. दोन्ही वाचने एकाच ताळेबंदाची आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत.

परतीच्या प्रवासावर मात्र एकमत झाले नाही. ताई अमेरिकेत चार महिने राहतील की साडेपाच, हे ठरलेले नव्हते, आणि बोनसची मुदत तीन दिवसांत संपत होती. भाचीचा आग्रह होता की परतीचे 90,000 माइल्सही आत्ताच घ्यावेत, कारण पुढच्या बोनसचा भाव असाच असेल याची शाश्वती नाही. “मघाशी तूच सांगितलेस की सीट पाहिल्याशिवाय माइल घ्यायचा नाही,” मामांनी आठवण करून दिली, “परतीची तारीखच नाही, मग सीट कोठे पाहिलीस?” भाचीने भाव वाढण्याची भीती पुन्हा सांगितली; मामांनी ती भीती म्हणजेच विक्रीचे साधन असल्याचे सांगितले, आणि भाव वाढला तर ताई परत येताना इकॉनॉमीने येतील किंवा तो वाढीव भाव देतील, परंतु चार महिने दुसऱ्याच्या गल्ल्यात सव्वा लाख पडून राहणार नाहीत, या मतावर ते ठाम राहिले. अखेर सप्टेंबरातल्या मंगळवारची एक सीट दोन संकेतस्थळांवर पडताळून, जाण्यापुरतेच माइल्स घेण्यात आले. परतीचे तारीख बदलता येणारे साधे तिकीट रोखीने काढले. आणि तेरा आकडी क्रमांक ईमेलमध्ये येईपर्यंत, सुमारे पस्तीस मिनिटे, मामा फोन खाली न ठेवता थांबून राहिले.